नवसी आणि गौरीचं तळं

चंद्रकांता वाल सोलायला बसली होती. मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात पडले होते. सोललेलं बिरडं ताटात, सालं सुपात. निम्मे अजून पातेल्यातच होते, एवढ्यात बाहेर ओट्यावर काहीतरी जड आणि ओलं थपकन पडलं.

“चंद्राबाय, भायेर ये जरा. बग काय आणलंय.”

आवाज नवसीचा. चंद्रकांता पदराला हात पुसत बाहेर आली. नवसी अंगणात उभी होती. लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, कमरेपर्यंत भिजलेली, पोटऱ्यांना काळा गाळ. ओट्यावर तिने टाकलं होतं एक रोप. गोल चकचकीत पानं, फुग्यासारखे देठ, खाली दाढीसारखी काळी मुळं आणि वर फिक्या जांभळ्या फुलांचा तुरा. प्रत्येक फुलाच्या वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा एक डोळा.

तो डोळा चंद्रकांताने ओळखला.

“तळं कुठं गेलं गो?” नवसी विचारत होती. “दिवाळीला आमी भट्टीवर गेलो तवा पाणी दिसत होतं. आता आले तर नुसतं हिरवं रान. चुकून म्हस उतरली तर बुडून मरंल, तिला कळायचं नाय की खाली पाणी हाय.”

चिंचणीकडून वाणगावला जाणाऱ्या रस्त्याच्या आत, चिकूच्या वाड्यांमागे हे तळं आहे. गावाचं गौरीविसर्जन तिथेच होतं म्हणून गौरीचं तळं. पलीकडच्या काठावर नवसीचा पाडा. या तळ्यातली कमळं काढण्याचा मान नवसीच्या घराचा. तिच्या सासूचा होता, सासूच्या सासूचा होता. गौरी यायच्या दिवशी पहाटे नवसी छातीइतक्या पाण्यात उतरायची आणि उजाडेपर्यंत गावातल्या प्रत्येक घरी एकेक कमळ पोचवायची. घरोघरच्या बाया तिच्या पदरात तांदूळ-नारळ घालायच्या. दिवाळीनंतर ती नि तिचा नवरा चिंधू विटांच्या भट्टीवर जायचे आणि पेरणीच्या तोंडावर परतायचे. यंदा चिंधूचा गुडघा धरला म्हणून चैत्र सरता सरताच दोघं परत आली होती.

मागच्या गौरीला गावात तीनच कमळं आली होती. नवसी तीन घरी देऊन बाकीच्या दारांवरून मान खाली घालून गेली होती, ते चंद्रकांताने खिडकीतून पाहिलं होतं.

“खाडीकडनं आलं असंल, असं लोक म्हणतात,” चंद्रकांता म्हणाली.

“खाडीकडनं आलं असतं तर खाडीचं पाणी आत येतं त्या मोरीपाशी दाट असतं. मी सगळा काठ फिरून आले ना. मोरीकडचं कवळं हाय, औंदाचं. जुनं हाय ते गौरीच्या पायरीशी. तिथं असं गुंतलंय की वर कोंबडी चालंल.” नवसीने रोप उचलून त्याचा एक आडवा देठ दाखवला. त्याच्या टोकाला छोटं पिल्लू चिकटलेलं होतं, त्या पिल्लाला आणखी एक. “हे बग, आय, लेक नि नात. तोडलंस तर तिघींची तीन घरं. पायरीशी कुणीतरी पयली आय आणून सोडली.”

ती चंद्रकांताकडे बघत नव्हती, रोपाकडेच बघत होती. तरी चंद्रकांता “वाल पाण्यात आहेत माझे,” असं म्हणून आत वळली.

त्या दिवशी बिरडं खारट झालं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. सून हिमानीबरोबर ती बोईसरला गेली होती, परतताना एका नर्सरीत थांबली. टबात हे फूल फुललेलं. “पाण्यातलं आहे आई, देवाला चालेल,” हिमानी म्हणाली, आणि रोपवाला म्हणाला, “ले जाओ माताजी, मरता नहीं है.” मरत नाही हा तेव्हा गुण वाटला होता. चंद्रकांताने अंगणात जुन्या टबात ते वाढवलं. तेरड्याच्या गौरीशेजारी ते जांभळे तुरे असे शोभले की बघायला आळीतल्या बाया आल्या. आणि गौरीजवळ जे मांडलं ते गौरीबरोबरच जायचं, ही सासूने घालून दिलेली रीत. फूल काय, पान काय, हळदीकुंकवाची पुडीसुद्धा मागे ठेवायची नाही. चंद्रकांताने टबातलं अख्खं रोप मुळांसकट काढलं, हळदकुंकू वाहिलं आणि तेरड्याच्या जुडीबरोबर पायरीवरून पाण्यात सोडलं.

पुढच्या पावसाळ्यात पायरीशी परातीएवढा हिरवा गोल दिसला, वर जांभळे तुरे. तिने हात जोडले होते. गौरीने आपलं फूल राखलं, वाढवलं, असंच तिला वाटलं होतं. त्यापुढच्या वर्षी तो गोल अंगणाएवढा झाला. मग तिने हात जोडणं सोडलं आणि कुणाला काही सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर माणसं जमली. सरपंच विश्राम आला होता. तो चंद्रकांताचा चुलत दीर. गेल्या वर्षी त्याने मोठ्या हौसेने मशीन लावून जलपर्णी उपसली होती आणि काठावरच ढीग लावले होते. पहिल्याच पावसात ढीग घसरून परत पाण्यात आले आणि मशीनच्या दातांनी झालेल्या प्रत्येक तुकड्याचं नवं रोप झालं. तेव्हापासून गावात मशीन म्हटलं की लोक विश्रामकडे बघून हसत.

“यंदा फवारणी,” विश्राम म्हणाला. “ठेकेदार ठरलाय. आठ दिवसांत येईल. आठवड्यात सगळं करपून तळाला बसेल.”

“आणि कमळ?” नवसीने विचारलं.

“कुठंय कमळ? दाखव मला एक.”

नवसी पायरीवरून उतरली, हिरवळ दोन्ही हातांनी बाजूला सारत छातीइतक्या पाण्यात गेली आणि डोळे मिटून उभी राहिली. पाण्याखाली तिचे पाय गाळ चाचपत होते. मग तिने श्वास धरून डुबकी मारली आणि वर आली तेव्हा तिच्या हातात बोटाएवढा जाड, पांढरट कंद होता. त्याच्या सांध्यावर गुलाबी कोंब.

“पायाला लागतंय, अजून जित्तं हाय,” ती धापा टाकत म्हणाली. “वर उजेड नाय म्हणून झोपलंय. तुजं औषध पानाला पान बगून मारंल काय, विश्रामदादा? हे हिरवं नि ते हिरवं, त्याला काय कळतंय? आणि खाली सगळं कुजलं की मासं पयले वर येतील, उलटं.”

“मग काय करू? मशीन नको, औषध नको. आरती करू?”

“मिरगापर्यंत थांब. तवर अर्धं तळं मोकळं नाय झालं तर मार तुजं औषध. मी गप बसेन.”

“हाताने? तू?” विश्राम हसला. “नवसी, हे पंधरवड्यात दुप्पट होतं.”

“म्हणून तर आज लागायचं. उद्या नाय.”

विश्रामने डोकं खाजवलं. मशीनचं हसू त्याला अजून बोचत असावं. “बरं. मिरगापर्यंत. त्या पिंपळापासून या मोठ्या दगडापर्यंत सरळ रेघ. रेघेच्या अलीकडे एक पान दिसता कामा नये.”

तेव्हा जमनाकाकू बोलली. जमनाकाकूच्या जिभेला आळीत सगळे वचकून असतात. “हिलाच पुळका का, ते विचारा की. वर्षाचे सहा महिने बाहेर भटकतात, भट्ट्यांवर, खाड्यांवर. बोचक्याबरोबर हिनेच आणलं असेल हे. आता सारवासारव करतेय.”

नवसीने जमनाकाकूकडे पाहिलं, मग हातातल्या कंदाकडे. तिने तो कंद परत पाण्यात नेऊन गाळात खोचला, वर एक दगड ठेवला.

चंद्रकांताच्या कानशिलात गरम झालं. रोज देवापुढे बसून आपण काय मागतो, तर सद्बुद्धी. आणि ती येते तेव्हा तिला दारातूनच परतवायची? ती दोन पायऱ्या खाली उतरली.

“जमनाकाकू, ते मी आणलं. चार वर्षांपूर्वी. गौरीबरोबर मीच सोडलं, इथंच, या पायरीवर.”

जमनाकाकू म्हणाली, “अगं, ते तुझ्या गौरीजवळचं जांभळं? मी मागून नेलं होतं की एक, माझ्या हौदात घालायला!”

“हौद झाकून ठेव मग,” नवसी पाण्यातून म्हणाली, “नायतर हौदबी शोधावा लागंल.”

सगळे हसले. चंद्रकांताला हसू आलं नाही, पण छातीवरचं काहीतरी उतरलं.

काम सुरू झालं ते नवसीच्या पद्धतीने. सकाळी पाण्याला हातही लावायचा नाही. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की सगळी जलपर्णी आपोआप सरकत उगवतीच्या काठाला जाऊन दाटते, हे नवसीने बघून ठेवलं होतं. चिंचणीच्या नाखव्यांकडून चिंधूने फाटकी जाळी मागून आणली. गुडघा धरलेला असला तरी त्याचे हात चांगले होते. पिंपळाखाली बसून त्याने जाळ्यांचे तुकडे जोडून लांब पट्टा केला, त्याला बांबूचे तुकडे बांधले. वाऱ्याने हिरवळ एका बाजूला गेली की नवसी पोहत जाऊन तो पट्टा आडवा लावायची. मग मोकळं झालेलं पाणी रात्रीतून परत भरायचं नाही. रोज तो पट्टा दोन-चार हात पुढे सरकायचा.

“वारा आपल्या बाजूचा गडी हाय,” ती म्हणायची. “त्याला मजुरी नाय, भाकर नाय.”

पहिल्या दिवशी नवसी, तिच्या पाड्यातल्या दोघी आणि चंद्रकांता, एवढ्याच. चंद्रकांता आयुष्यात पहिल्यांदा नऊवारी खोचून तळ्यात उतरली होती. हिमानी काठावरून ओरडत होती, “आई, पाठ धरेल तुमची!” तिसऱ्या दिवशी हिमानीच पाण्यात होती. आठवड्याने जमनाकाकू आली, हौदातलं रोप बादलीत घेऊन.

“ओढायचं नाय, उचलायचं,” नवसी सगळ्यांना सांगायची. “तुटलं तर एकाचे चार. मुळाखाली हात घाला, कापूस उचलल्यासारखं वर काढा.” आणि काढलेलं काठावर टाकायचं नाही. पलीकडच्या कातळावर न्यायचं, मुळं वर करून पसरायचं, उन्हात कडकडीत वाळेपर्यंत. मग चिकूच्या वाडीत शेणाबरोबर खड्ड्यात.

एक दिवस दमलेल्या बायांनी टोपल्या काठालाच ओतल्या. नवसीने बघितलं आणि एकटीनेच टोपल्या भरून कातळावर न्यायला सुरुवात केली. तिसऱ्या फेरीला बायांनी निमूट टोपल्या उचलल्या.

दुपारी सावलीत बसल्यावर चंद्रकांता तिला विचारायची, हे तुला कुणी शिकवलं? नवसीला शिकवणं हा शब्दच विचित्र वाटायचा.

“डोंगरावर ते रानमोडी बगितलंस ना? पांढरी फुलं येतात, म्हातारीच्या कापसासारखं उडतं. माजं लगीन झालं तवा आमच्या डोंगरावर एक नव्हतं. आदी रेल्वेच्या कडेला आलं. मग रस्ता खणला, ट्रकातनं माती आली, मातीतनं आलं. लोकांनी जाळलं, आणखी फुटलं. फुलं आल्यावर कापलं, बी सांडत घरी नेलं. माज्या बापाने वरीच्या वावरातनं दरसाल फुलायच्या आदी उपटलं, मुळासकट. आमच्या वावरात अजून नाय ते. शेजारच्या वावरात माणूस बुडेल इतकं.”

“पण याला कोणीच कसं खात नाही गं? गुरं तोंड लावत नाहीत, किडासुद्धा नाही.”

“आपल्या झाडाला आपली कीड हाय. तेरड्याला अळी हाय, कमळाच्या पानाला भोकं पडतात. हे लांबून आलं, याचा खाणारा मागं राहिला. एकटंच आलं.” नवसीने विड्याचं पान चावणं थांबवून गालात हसत म्हटलं, “सासूबिगर सासरी आलेली सून. तिला कोण आवरणार?”

“माझ्याकडे बघून बोलू नका हां, नवसीमावशी,” हिमानी पाण्यातून म्हणाली. “मला सासू आहे. चांगली खमकी.”

एका संध्याकाळी दोघीच उरल्या होत्या. चंद्रकांताने विचारलं, “तुला ठाऊक होतं ना? मी सोडलं ते?”

“तुज्या अंगणात टब बगितला होता, गौरीचं कमळ द्यायला आले तवा.”

“मग जमनाकाकू बोलली तेव्हा सांगितलं का नाहीस?”

“तू देवाला घातलेलं. ते मी कसं सांगू? तुज्या तोंडातनं यायचं होतं.” मग नवसी म्हणाली, “आणि एक तुरा मीबी अंबाड्यात घातला होता, बाय. गोड दिसत होता.”

चंद्रकांता त्या रात्री पोथी वाचताना ‘तुज्या तोंडातनं यायचं होतं’ या वाक्यापाशी अडकून राहिली. कुणाचं चुकलं ते कळूनही गप्प राहायचं, स्वतःवर बोट आलं तरी गप्प राहायचं, आणि काम मात्र दुसऱ्याच्या चुकीचं करायचं. हे व्रत कोणत्याच पोथीत तिने वाचलं नव्हतं.

जेठ लागला, वळवाच्या दोन सरी झाल्या, आणि एका वादळी दुपारी वारा उलटा फिरला. जाळ्याचा पट्टा तुटला, हिरवळ मोकळ्या पाण्यात पसरली. बाया काठावर बसून राहिल्या. पाच दिवसांची मेहनत गेली होती आणि मृगाला सहा दिवस उरले होते. नवसीने तुटलेला पट्टा खांद्यावर घेतला आणि चिंधूपुढे टाकला. “बांद,” एवढंच म्हणाली. पाच दिवस ती सकाळीही पाण्यात होती, वारा असो नसो. चंद्रकांताने देवपूजा पहाटे उरकायला सुरुवात केली, म्हणजे उजाडताना पाण्यात उतरता येई.

मृगाच्या दिवशी विश्राम आला. पिंपळापासून दगडापर्यंत दोरी ताणली. अलीकडे मोकळं पाणी, आभाळ दिसत होतं. पण दगडाच्या टोकाशी खाटेएवढा एक हिरवा तुकडा राहिला होता. तिथे खाली खडक होता, पाय ठरत नव्हता. दोनदा प्रयत्न करून नवसी घसरून पडली होती.

“एक पान दिसता कामा नये म्हटलं होतं,” विश्राम म्हणाला.

“म्हटलं होतंस,” नवसी म्हणाली. तिने वाद घातला नाही. तिचे तळवे सोलवटलेले होते, ते तिने लुगड्यात लपवले.

“भाऊजी,” चंद्रकांता म्हणाली, “तिकडे नका बघू. पायरीकडे बघा.”

पायरीपासून चार हातांवर, नवसीने दगड ठेवला होता त्याच जागी, पाण्यातून एक पान वर आलं होतं. अजून उघडलं नव्हतं; दोन्ही कडांनी आत गुंडाळलेलं, तांबूस, पेन्सिलीएवढं. विश्राम वाकून बराच वेळ बघत राहिला. मग चपला काढून, पँट वर दुमडून तो पाण्यात उतरला, दगडाला धरून त्या खाटेएवढ्या तुकड्यापर्यंत गेला आणि उपसायला लागला.

“ओढू नको, उचल!” काठावरून सात-आठ बाया एकदम ओरडल्या.

ठेकेदार आला नाही. पण गोष्ट इथे संपली असती तर नवसीने ती गोष्ट मानली नसती. “बी गाळात हाय,” तिने सांगितलं होतं, “ते वरसानुवरस झोपतं.” आणि झालंही तसंच. पावसात काठाकाठाने नखाएवढी रोपं हजारोंनी उगवली. आता दर शनिवारी दोन तास, ज्याला जमेल त्याने. नवसीचा पहिला नंबर. यंदा भट्टीवर चिंधू जाणार नव्हता, म्हणून तीही राहणार होती. विश्रामने तळ्याच्या राखणीचं काम तिच्या नावावर ग्रामसभेत घालून घेतलं. उरलेलं अर्धं तळं अजून हिरवंच आहे. तिकडे पट्टा रोज थोडा सरकतो.

गौरी आल्या. आदल्या संध्याकाळी आळीतल्या बायांनी ठरवलं: तेरडा तळ्यात जाईल, बाकी जे काही गौरीजवळ मांडलं ते आंब्याखाली खड्डा खणून त्यात. जमनाकाकू कुरकुरली, “रीत मोडते.” चंद्रकांता म्हणाली, “रीत मी पाळली होती, काकू. चार वर्षं सगळ्या भोगतोय.” त्यावर जमनाकाकूने फावडं आणून दिलं.

पहाटे दारात नवसी. ओली, थंडीने कुडकुडत, हातात परडी. परडीत अकरा कमळं.

“घरं तर तिसाच्या वर आहेत,” चंद्रकांता म्हणाली.

“अकराच निघाली. बाकीची दुसऱ्या साली.” नवसीने पहिलं तिच्या हातात दिलं. त्या पानाच्या बाजूने उगवलेलं, पायरीपासचं. चंद्रकांताने ते गौरीपुढे ठेवलं, मग आत जाऊन तांदूळ, नारळ आणि गरम चहा आणला. नवसीने चहा ओट्यावर उकिडवं बसून प्यायला, कप उपडा ठेवला.

“आता दहा घरं. आणि परवा गौर गेली की माज्यासंगं बोईसरला चल, चंद्राबाय.”

“कशाला?”

“त्या रोपवाल्याचं दुकान दाखव मला. टबात किती हायेत ते बगायचंय, आणि त्याला कातळावरचा आपला ढीग दाखवायला हितं आणायचंय.”

परडी कमरेवर घेऊन ती जमनाकाकूच्या दाराकडे वळली.